फुटून निघण्याचा हक्क

माझा नवरा शंतनू जन्माने पुण्याचा, शाळेने कॉन्व्हेंटचा आणि नोकरीने रिचमंडमधल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरचा. अशा माणसाला दीडशे वर्षांपूर्वीच्या व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांचा एवढा पुळका का यावा, हे मला तीन वर्षांच्या संसारात कळलं नाही. त्याच्या ऑफिसात डेल नावाचा एक माणूस होता. तो सुट्टीच्या दिवशी दक्षिणेच्या जुन्या सैन्यासारखा करड्या लोकरीचा गणवेश घालून रणांगणावर लुटुपुटूची लढाई लढायला जायचा आणि ठरलेल्या वेळी मरून पडायचा. इकडे याला छंद म्हणतात. एका शनिवारी तो शंतनूलाही बघायला घेऊन गेला, आणि संध्याकाळी शंतनू परतला तो डोक्यावर करडी टोपी घालूनच. जुलै महिना होता. घामाने निथळत होता, पण टोपी काढेना.

तेव्हापासून कुणाच्याही घरी जेवायला गेलो की मसालेभात आणि गुलाबजाम यांच्या मधल्या वेळात अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू व्हायचं. "हे बघा, सिंपल आहे," शंतनू म्हणायचा. "राज्यं युनियनमध्ये आपखुशीने आली. बाहेर पडता येणार नाही असं घटनेत कुठंही लिहिलेलं नाही. आणि जे लिहिलेलं नाही, त्याला मनाई नाही. मग दक्षिणेतली अकरा राज्यं बाहेर पडली तर त्यांनी परमिशन कुणाची आणि का घ्यायची?"

एकदा मराठी मंडळातल्या सुलेखाकाकूंनी वाटी पुसता पुसता विचारलं, "पण ते सगळं गुलाम ठेवण्यासाठीच चाललं होतं ना रे?"

"काकू, तो वेगळा विषय आहे."

वेगळे विषय ठेवायला शंतनूच्या डोक्यात एक खास माळा होता. त्यावर गुलाम होते, घरातली भांडी होती आणि अलीकडे माझं शिक्षणही जाऊन बसलं होतं.

मी ज्ञानदा. नागपूरची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. माझा विषय शेवाळ. लग्न करून अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेल्या व्हिसावर. त्या व्हिसावर राहता येतं, गाडी चालवता येते, पोळ्या लाटता येतात, फक्त नोकरी करता येत नाही. मी काही गुलाम नव्हते. ज्यांना खरोखर विकत घेतलं होतं, त्यांच्या दुःखावर मला माझी पोळी भाजून घ्यायची नाही. पण तीन वर्षं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्या अपार्टमेंटमध्ये एकटं बसलं की माणूस डबक्यातल्या पाण्यासारखा होतो, आणि त्यावर काय धरतं ते मला शिकून ठाऊक होतं.

२००५च्या मार्चमध्ये ॲन आर्बरहून पत्र आलं. तिथल्या विद्यापीठाने मला पीएच.डी.साठी घेतलं होतं. तळ्यांमध्ये वाढणाऱ्या शेवाळावर काम, शिकवायची जबाबदारी, फी माफ. पंधरा एप्रिलपर्यंत सही करून होकार पाठवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"वॉव, काँग्रॅट्स यार," शंतनूने मला मिठी मारली. मग म्हणाला, "बघू."

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ग्रीन कार्डची फाइल आत होती, आत्ता काही हलवायला नको होतं. तिसऱ्यांदा दहा तासांचं ड्राइव्ह होतं. चौथ्यांदा म्हणाला, "शेवाळासाठी घर मोडायचं?" पाचव्यांदा जे म्हणाला ते तर कुठल्याही राज्यघटनेत घालावं असं होतं. "ज्ञानदा, मी नाही म्हणतच नाहीये. मी फक्त हो म्हणत नाहीये."

सहाव्यांदा विचारताना मी भाजी निवडत होते. वाक्य अर्धं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी परवानगी मागते आहे. मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या व्हिसा पाहणाऱ्या बाईंना ईमेल करून विचारलं, नवऱ्याचं काय काय लागेल. त्यांनी उत्तर दिलं की त्याच्या काही कागदांच्या कॉप्या लागतील. सही नको.

याच सुमारास मराठी मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका वक्ता शोधत होते. त्या वर्षी पाडवा नऊ एप्रिलला आला होता आणि ठरलेल्या गायिकेचा घसा बसला होता. शंतनू खुर्चीतून उठलाच. "काका, नऊ एप्रिल! त्याच दिवशी दक्षिणेच्या जनरल लीने सरेंडर केलं. इथून दोन तासांवर. एक्झॅक्टली एकशे चाळीस वर्षं!"

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी शरणागतीवर भाषण ठेवावं का, याचा काकांनी क्षणभर विचार केला असावा. पण गायिकेचा घसा काही सुधारत नव्हता. "चालेल," ते म्हणाले. "फक्त मराठीतच हवं. मंडळाचा नियम आहे."

इथं गाडी अडली. शंतनू मराठी बोलतो झकास, पण वाचतो अक्षरावर बोट ठेवून. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांना मान देत तो पुढे सरकतो आणि अर्थ मागच्या बसने येतो. लिहिण्याचं तर नावच नको. तेव्हा भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून.

पहिली अडचण शब्दाची. "सेसेशनला मराठीत काय म्हणतात?"

"फुटून निघणं."

"छे, ते मंडळ फुटल्यासारखं वाटतं. काहीतरी डिग्निफाइड सांग."

"वेगळं निघणं. चूल वेगळी करणं."

"ते भावाभावांचं लफडं झालं."

"मग हे कुणाचं होतं?" मी विचारलं. शेवटी फुटून निघणंच राहिलं.

लिहायचं तर नीट लिहू म्हणून मी लायब्ररीत गेले. सगळ्यांत आधी फुटलेल्या दक्षिण कॅरोलायनाने आपण का फुटलो हे सांगणारा जाहीरनामा काढला होता. तो मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. त्यात राज्यांचे हक्क वगैरे होतंच, पण मुख्य गाऱ्हाणं असं होतं की आमच्याकडून पळून गेलेले गुलाम उत्तरेची राज्यं आम्हाला परत करत नाहीत. म्हणजे स्वतःला तर दार उघडून निघायचंच होतं, पण आपल्या घरातून कुणी निघालेलं चालत नव्हतं. युद्धानंतर सुप्रीम कोर्टाने काय सांगितलं, तेही सापडलं. एकदा आत आलेल्या राज्याला आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. वाटा दोनच, क्रांती किंवा बाकीच्यांची संमती. मी दोन्ही गोष्टी अर्ध्या अर्ध्या पानात लिहिल्या.

शंतनूने दोन्हींवर काट मारली. "कोर्ट जिंकलेल्यांचं होतं. आणि गुलामांचं कॉन्ट्रोव्हर्शियल होतं गं. लोक पुरणपोळी खायला आलेले असतात." जे ठेवलं त्यात त्याला सातव्या पानावरचा एक भाग फार आवडला होता. लिंकनच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे असं सांगितलं होतं की राज्यांना फुटायचा हक्क नाही, पण फुटली तर त्यांना अडवायचा हक्क आम्हालाही नाही. तेवढं वाचून शंतनू पोट धरून हसला. "काय बिनकण्याचा माणूस असेल!"

शुक्रवारपर्यंत त्याने अकरा पानं तीनदा वाचून घोटली. शनिवारी सकाळी मी बारावं जोडलं. वर लिहिलं, 'समारोप'.

"छोटा आहे ना?" त्याने टोपी शोधता शोधता विचारलं.

"छोटाच आहे," मी म्हणाले. हे सरळ वागणं नव्हतं, मला मान्य आहे. पण सरळ मी सहा वेळा वागून झाले होते. होकाराच्या पत्रावर सही करून, पाकीट चिकटवून, ते मी पर्समध्ये ठेवलं. पोस्टात टाकायचं धैर्य मात्र अजून झालं नव्हतं.

दुपारी शाळेच्या हॉलमध्ये गुढी उभी राहिली. साडी अस्सल, तांब्या अस्सल, काठी पडद्याची. शंभरेक माणसं, पुढे म्हातारी मंडळी, मागे मुलं. शंतनू झब्ब्यावर करडी टोपी घालून उभा राहिला. "बंधू-भगिनींनो, राज्यं आपखुशीने आली होती," त्याने बोट ठेवून सुरुवात केली. घोटलेली पानं छान गेली. राष्ट्राध्यक्षांच्या कण्याला हशाही मिळाला. मग बारावं पान आलं. बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर गेलं आणि आवाज सावकाश झाला.

"आता एक घर-गुती उदा-हरण. एका घरात दोघंजण आपखुशीने एकत्र आले. लग्नाच्या मंत्रांत कुठंही असं नाही की बायकोने बाहेरगावी जाऊन शिकू नये. जे लिहिलेलं नाही, त्याला मनाई नाही. म्हणून माझी पत्नी ज्ञानदा येत्या ऑगस्टमध्ये ॲन आर्बरला शे-वा-ळा-वर पीएच.डी. करायला जात आहे." बोट जरा अडखळलं, पण तोंडाला लागलेली चाल थांबली नाही. "याला माझी पर-वान-गी लागत नाही. ती तिने सहा वेळा मागितली, ही तिची चूक. धन्यवाद."

मग मागची बस आली. शंतनूने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मी कधी एवढा उघडा पाहिला नव्हता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याच वेळी हसूही आवरेना.

हॉलमध्ये आधी कुणीतरी एक टाळी वाजवली. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पुरुषोत्तमकाकांनी माइक घेतला. "याला म्हणतात मोठं मन. बायकोला शिकायला पाठवतोय, आणि वर म्हणतो माझी परवानगी लागत नाही! पाडव्याला याहून चांगला संकल्प कोणता?" त्यांनी साखरेची गाठी शंतनूच्या गळ्यात घातली. शंतनूचा पडलेला चेहरा टाळ्यांनी हळूहळू वर आला. त्याने टोपी काढली आणि हात जोडले.

सुलेखाकाकू माझ्या कानाशी लागल्या. "नशीब काढलंस गं. आमच्या वेळी कुठले असे नवरे?"

माझ्या बारा ओळींतून लोकांनी एकच शब्द ऐकला होता, आणि तो मी लिहिलाच नव्हता. पाठवतोय. मला इतका संताप आला की पर्सचा पट्टा हाताला रुतला.

गाडीत मागच्या सीटवर श्रीखंडाचा डबा हलत होता. सिग्नलला शंतनू म्हणाला, "हे तू माझ्याच तोंडून वदवलंस."

"हो."

"मला आधी विचारायचं तरी."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन चौक गेल्यावर तो समोर बघत म्हणाला, "हे बघ. तुला असं जायचा हक्क आहे, असं मी म्हणणार नाही. पण मी अडवणारही नाही."

"पान सात," मी म्हणाले.

त्याने मनातल्या मनात पानं उलटली. मग त्याला आठवलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. हसू होतं की काय, ते मला कळलं नाही. कोपऱ्यावर पोस्टाची निळी पेटी दिसली. मी म्हणाले, "थांबव." मी पर्समधून पाकीट काढलं. शंतनूने गाडी कडेला घेतली, पाकिटावरचा पत्ता वाचला. इंग्रजी होता, लगेच कळला. आणि त्याने हात पुढे केला. आवाज अगदी मऊ होता.

"दे. मी टाकतो."

गळ्यात साखरेची गाठी तशीच होती. मला माहीत होतं, तो मनापासून म्हणत होता. त्याला खरंच वाटत होतं की हे प्रेम आहे, आणि थोडं असेलही. पण पाकीट त्याच्या हातात गेलं असतं तर त्या दिवसानंतर जन्मभर मी पाठवलेलीच राहिले असते.

"नको," मी म्हणाले. खाली उतरले, पेटीचं झाकण ओढलं, पाकीट आत टाकलं आणि ते खरंच पडलं का ते बघायला झाकण पुन्हा एकदा ओढलं.

परत येऊन बसले तेव्हा शंतनू गाठीतलं एक पदक तोडून चघळत होता. गाडी सुरू करत त्याने जरा चाचरत विचारलं, "पण लोकांना मी पाठवलं असंच सांगायचं ना?"

"सांग की," मी म्हणाले. "तो वेगळा विषय आहे."