जिनेव्राच्या पाठवणीचं गाणं

आमच्या ह्यांना चाल सुचत नव्हती, म्हणून ह्यांनी माझी उचलली. सगळं तिथून बिघडलं.

हे, म्हणजे गिस्लेन, ड्यूकसाहेबांच्या चॅपेलातले गवई. पार उत्तरेकडून आणलेले. आमच्या ड्यूकसाहेबांना तिकडचे गवई म्हणजे शिकारीचे ससाणे. शेजारच्या दरबारात असतील त्याहून एक तरी जास्त हवा. ईस्टरला कार्डिनल येणार होते, त्यांच्यासमोर मिस्साचं, म्हणजे देवळातल्या मोठ्या प्रार्थनेचं, नवंकोरं संगीत व्हायला हवं होतं. आणि आमचे हे घरभर येरझारा घालताहेत.

मी पीठ मळत होते. मळताना मी गाते, आईचंच गाणं. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की उंबरठ्यावर आई ते म्हणते, आणि गाणं संपल्याशिवाय मुलगी पाऊल बाहेर टाकत नाही. माझ्या आईने माझ्यासाठी म्हटलं, तिच्या आईने तिच्यासाठी.

हे दारात थबकले. "परत म्हण."

मी मेली मूर्ख, म्हटलं की परत! मग कळलं, तर विचारलं, "अहो, देवाच्या मिस्सात बायकांचं गाणं?"

"अगं, सगळेच घेतात. कुणी लढाईचं घेतं, कुणी प्रेमाचं. खाली चाल लांबवून घालायची आणि वर बाकीचे आवाज चढवायचे. देव काही विचारत नाही."

देवाने नाही विचारलं, तालीम ऐकून ड्यूकसाहेबांनी विचारलं. चाल कुणाची? आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "मी शिकारीला जाताना गुणगुणतो तीच दिसतेय. माझीच की!"

आणि आमच्या ह्यांनी काय करावं? वाकून नमस्कार केला! माझ्या आजीची चाल एका नमस्कारात देऊन मोकळे. आयत्या बिळावर नागोबा बसला आणि आमच्या घरच्यांनीच त्याला बीळ झाडून दिलं.

पुढे कारभारी मेस्सेर गासपारो गल्लोगल्ली फिरले. ती चाल आता ड्यूकसाहेबांची, नदीवर धुणं धुताना कुणी बाईने म्हणायची नाही. बरोबरच आहे, धुणं बडवणाऱ्या बायका तेच गाताना दिसल्या तर ड्यूकसाहेबांचं हसं नाही का होणार?

"आणि जिनेव्राचं लग्न?" मी ह्यांना विचारलं. "पोरगी लहानपणापासून विचारतेय, आई, माझ्या वेळी म्हणशील ना?"

"बघू," हे म्हणाले. ह्यांचं सगळं आयुष्य 'बघू'त गेलं.

ईस्टरला मी चॅपेलात मागे उभी राहून कान लावला. एकेक सूर इतका लांब, की तेवढ्यात वाटीभर शेंगा सोलून व्हाव्यात. वर बाकीचे आवाज नुसते धावताहेत. कार्डिनलांचे डोळे पाणावले. मी घरी येऊन विचारलं, "माझं गाणं कुठे होतं हो त्यात?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत होतं की!" हे दुखावून म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

लग्नाच्या दिवशी मेस्सेर गासपारो ड्यूकसाहेबांकडून रानडुकराची तंगडी घेऊन आले, आणि जातील तर शपथ! अंगणात बसून तीच तंगडी खायला लागले. घोडा दाराशी आला. जिनेव्रा उंबरठ्यावर उभी राहिली.

ह्यांनी माझा दंड धरला. "नको, ओर्सोलिना. हाकलून देतील मला. या वयात कुठे जाऊ गं मी?"

मला राग इतका आला होता, आणि रागावायचं तरी कुणावर? मी म्हटलं, "मग पोरीला मुकी पाठवू?"

ह्यांचा चेहरा उजळला, नको तेव्हा उजळतो तसा. "लांबव. चॅपेलात आम्ही लांबवतो तशी. सूर तेच, फक्त सावकाश. त्या गासपारोला कळणारसुद्धा नाही."

दुसरा इलाज नव्हता. मी सुरू केलं. पहिला सूर धरला, छाती रिकामी होईपर्यंत धरला. मग दुसरा. मेस्सेर गासपारो हाड चोखता चोखता मान हलवून म्हणाले, "वा, स्तोत्र वाटतं! छान, छान." हे डोळे मिटून ऐकत होते. ह्यांना सगळं ऐकू येत होतं, एकट्या ह्यांनाच.

जिनेव्रा चौकटीला हात लावून उभी होती. बाहेर नवरदेव घोड्याला थोपटत होता, मग तोही थोपटायचा थांबला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सूर सोडला नाही.

शेवटी पोरगी वळली. डोळे भरून आले होते तिचे.

"आई," ती म्हणाली, "गाणं म्हण ना गं. सगळे खोळंबलेत."

मी तेव्हा दुसऱ्या ओळीवर होते.