मेणाची बोरमाळ

नातीचा, पुनमचा साखरपुडा दोन दिवसांवर आला, तेव्हा कुठं केवळाबाईनं ट्रंकेतली बोरमाळ बाहेर काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"सिंधे, ओल्या फडक्यानं पूस. पाण्यात घालू नकोस. आन् पुनमला सांग, कार्यक्रम झाला की लगीच काढून दे. उन्हात फिरू नको म्हणावं."

आता मे महिना, चाकूरचं ऊन, मांडव दारात. उन्हात न जाता साखरपुडा करायचा तरी कसा? पुनमनं तोंड फुगवलं. सिंधुलाही सासूचं म्हणणं पटलं नाही. मळ कधी नुसत्या फडक्यानं निघतो का? मुरुडला तिच्या माहेरी दर दिवाळीला दागिने रिठ्याच्या पाण्यात उकळायचे, आणि लखलखीत निघायचे. केवळाबाई शेताकडं गेली तशी हिनं पातेलं गॅसवर चढवलं, रिठे टाकले, वर बोरमाळ सोडली. झालं!

पाणी उकळून थंड व्हायला ठेवलं, तर वर पांढरी साय धरलेली. सिंधुनं बोरमाळ काढली. मणी चमकत होते, पण एक मणी सहज दाबला तर बोटाखाली चेपलाच. सासूची एकुलती एक सोन्याची वस्तू, पुनमच्या गळ्यात पडायच्या आधीच हिनं वाटोळं केलं!

ब्लाउजला मॅचिंग आणते, असं नवऱ्याला, व्यंकटला सांगून तिनं लातूरची बस धरली. गंजगोलाईच्या बाजारामागं गुलाम रसूल बसायचे. दागिने ओवायचं, पोकळ मणी भरायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. मुरुडची माळही तेच ओवून द्यायचे.

"चाचा, सोनं गेलं का हो?" तिचा आवाज रडवेला झाला.

चाचांनी चष्मा वर सारला, मणी उजेडात फिरवला. "सोनं कुठं जातंय, बेटी? जागच्या जागी हाय. बोरमाळीचा मणी पत्र्यावानी पातळ, आत लाख भरत्यात. तुझ्या माहेरची माळ भरीव हाय, ती उकळली तर चालती. ही उकळायची नसती." मग त्यांनी सुईनं मण्यातला राहिलेला कण टोकरला आणि हसले. "पन ह्यात लाख नव्हतीच. ह्ये मेणबत्तीचं मेण हाय. कुनीतरी घरीच भरलंय."

सिंधुचा जीव भांड्यात पडला. चाचांनी चेपलेला मणी वर काढला, सगळ्यांत लाख भरली, नव्या रेशमात माळ ओवली.

"आता फकस्त कोमट पाणी आन् मऊ ब्रश. उकळलीस तर पुन्हा माझ्याकडंच येशील."

घरी आल्यावर माळ गुपचूप ट्रंकेत ठेवावी, असा तिचा बेत होता. पण केवळाबाई दारातच बसलेली. तिनं माळ हातात घेतली, एक मणी दाबला, दुसरा दाबला, मग तिसरा.

"ह्ये घट्ट कसे झाले गं?"

सिंधुला खोटं बोलवेना. "आत्या, मी उकळली. चुकलं माझं. आतलं मेण निघालं. चाचांनी लाख भरून दिली."

केवळाबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मीबी उकळली होती, बाई. सासूच्या भेवानं देवापुढची मेणबत्ती वितळून भरली. तवापासून कुनाला गळ्यात घालू दिली न्हाई. उन्हात मेण वितळंल, आन् सगळ्यांम्होरं माझी अब्रू जाईल, हेच भेव."

"चाळीस वर्षं, आत्या?"

"व्हय. चाळीस वर्षं." तिनं मोठा श्वास सोडला आणि आत हाक मारली, "पुनम! ये, माळ घालून बघ."

पुनम आली ती फुरंगटूनच. "कार्यक्रम झाला की लगीच काढायची ना?"

"काढू नको," केवळाबाई म्हणाली आणि स्वतःच्या हातानं माळ नातीच्या गळ्यात घातली. "जा, उन्हात उभी राहून आईला दाव."