घरच्या गाडीचा एक्सल

मी एक्सल बोलतोय. जीपच्या मागच्या चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा. गाडी घेताना लोक रंग बघतात, सीटवर बसून उड्या मारून बघतात. माझ्यासाठी कुणी वाकतसुद्धा नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटतंय.

माझा पहिला मालक जवळा बाजारचा दगडोबा. माणूस मायेचा. दसऱ्याला जीप धुऊन तिला झेंडूचा हार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जीपमध्ये छताला लागेस्तोवर हळदीची पोती कोंबायचा. एकदा असंच ओझं नेताना मागचं चाक खड्ड्यात आदळलं आणि माझ्या टोकाजवळ केसाएवढी चीर गेली. वर ग्रीस, खाली गंज; दिसणार कुणाला? पुढे जीप थकली, तेव्हा दगडोबाने डोळे पुसत ती भंगारात दिली.

कनेरगाव नाक्याजवळ अमृतरावांचं गाड्यांच्या जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे मी दुसऱ्या एका एक्सलशेजारी पडून होतो. त्याच्या जीपला समोरून ट्रकने धडक दिली होती, चालवणारा जागीच गेला होता. मागच्या बाजूच्या त्या एक्सलला मात्र ओरखडाही नव्हता.

मागच्या महिन्यात साखरा गावचा विजयकुमार आला. त्याच्या जीपचा एक्सल तुटला होता. मॉडेल जुनं, नवा एक्सल मागवला तर यायला पंधरवडा लागणार. इकडे बायकोचे, कोमलचे, दिवस भरत आलेले. कळा सुरू झाल्या तर हिंगोलीचा दवाखाना गाठायला दारात गाडी हवी. जुना घ्यावा की नव्याची वाट पाहावी, त्याचं काही ठरेना. सोबत त्याची आई मंजुळाबाई होती. तिने एवढंच विचारलं, "हे सामान ज्या गाड्यांचं, त्यांत कोणी मेलं तर न्हाई ना?"

अमृतराव खोटं बोलले नाहीत. शेजारच्याची हकीकत त्यांनी सांगून टाकली आणि वर म्हणाले, "मावशी, लोखंडाला काय सुतक राहते का? माल तोच चांगला हाय. हा दुसरा घरच्या गाडीचा, पण ह्यानं लई ओझं वाहिलंय."

"राहू द्या. माझं लेकरू त्या गाडीत घरी येणार हाय. काहून घेऊ मी मेलेल्याचं सामान?"

विजयकुमार घुटमळला. आईचा शब्द त्याला मोडवेना. "घरच्या गाडीचा हाय ना हा? बराबर. हाच द्या," तो म्हणाला.

मंजुळाबाईचं चुकलं असं मी कसं म्हणू? तिने मायेपोटीच विचारलं. फक्त मेलेल्याबद्दल विचारलं, माझ्याबद्दल कुणी विचारलंच नाही. बसवणाऱ्याने मला फडक्याने पुसलं, नवं ग्रीस लावलं आणि चीर पुन्हा झाकली गेली.

परवा कोमलला कळा सुरू झाल्या. खाचखळग्यांतून मी तिला हिंगोलीला पोचवलं. मुलगी झाली. मंजुळाबाईने बाहेर येऊन मागच्या चाकाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "पायगुणाचा निघाला गं बाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या एका खेपेत माझी चीर निम्म्याच्या वर आत गेली आहे.

तुम्ही कधी जुनं सामान घ्यायला गेलात, तर ते कुणाच्या मरणातून आलं हे खुशाल विचारा. पण त्याने काय सोसलं तेही विचारा. आणि मला एकदा, एकदाच, बाहेर काढा. रॉकेलमध्ये भिजवा, कोरडं पुसा, वर खडू फासा. जिथे चिरलोय तिथे ओली रेघ उमटेल. एवढंच पुरे.

पण मी लोखंड. माझं कोण ऐकणार?

आत्ता दवाखान्याच्या आवारातून निघतोय. मागच्या सीटवर कोमल बसली आहे, आणि मंजुळाबाईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोर, बरोबर माझ्या डोक्यावर.

"हळू चालव रे," मंजुळाबाई म्हणते, "लेकरू हाय."

विजयकुमार हळूच चालवतोय.