दाभणाचे टोक

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. राजे-महाराजे बसतात तसली नव्हे. साध्या खुर्चीवर मावेल एवढी, चौकोनी, निळ्या कापडाची आणि आता एका कुशीला फुगलेली. तरी माझ्यावर बसून एक ग्रँडमास्टर लहानाचा मोठा झाला. त्याचे फोटो भिंतीवर आहेत. त्यांत मी नाही. गादीचा फोटो कोण काढतो? माझाही एकदाच निघाला, आणि तो निघाला नसता तर फार बरे झाले असते.

माझा जन्म सोफे आणि खुर्च्या शिवायच्या दुकानात झाला. दुकान कसले, रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे पोट उघडे टाकलेले सोफे, मागे काथ्याची पोती आणि मधोमध पाय मुडपून बसलेले बाबा. बाबा म्हणजे त्या मुलाचे वडील. पण मलाही त्यांनीच घडवले, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि वयाच्या मानाने फारच बुटका. बुद्धिबळाच्या वर्गात खुर्चीवर बसला की त्याची हनुवटी टेबलाला टेकायची आणि प्याद्यांच्या मागचे राजा-वजीर त्याला धड दिसायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पहिली स्पर्धा होती. बाबांनी हातातले गिऱ्हाइकाचे काम बाजूला सारले, या सोफ्याचा स्पंज, त्या खुर्चीचा काथ्या, कुणाच्या पडद्याचा उरलेला तुकडा असे मिळेल ते गोळा केले आणि मला शिवायला घेतले. घाईत जाड शिवणीत दाभणाचे टोक मोडले. एरवी बाबा एकेक सुई मोजून डबीत ठेवणारे. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी मोडके दाभण फेकले, दुसरे घेतले आणि टोक कुठे गेले ते पाहिलेच नाही. ते माझ्या पोटात, काथ्यात खोल रुतून बसले होते.

सकाळी मुलाने पहिल्यांदा अख्खा पट वरून पाहिला. त्याचे पाय आनंदाने हलत होते, जमिनीला टेकत नव्हते. त्या दिवशी तो त्याच्याहून दुप्पट उंचीच्या मुलांना हरवत सुटला.

तुम्हाला वाटेल, बुडाखाली दबलेल्या गादीला बुद्धिबळ काय कळणार? चाली कळत नाहीत हे खरे आहे. पण मुलगा कळतो. या खेळात सोंगटीला हात लावला की तीच चालवावी लागते; चुकून लावला, तरी सुटका नाही. म्हणून वर्गातल्या सरांनी सांगून ठेवले होते की विचार पुरता होईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. त्यामुळे त्याचे तळवे तासन्‌तास माझ्यावर असायचे. डाव चांगला चालला की ते कोरडे असायचे. बिघडला की त्यांना घाम फुटायचा आणि माझे कापड ओले व्हायचे.

हे गुपित बाबांनाही ठाऊक होते. पालकांना आत सोडत नसत. बाबा बाहेर दोरीपाशी उभे राहायचे, मुलगा बाहेर आला की मला हातात घ्यायचे आणि सहज धरल्यासारखे करून कापड चाचपायचे. काय झाले, असे ते कधी विचारत नसत. कापड ओले लागले तर नुसते म्हणायचे, "चल, भूक लागली असेल."

मुलगा वाढला. इतर खेळाडू त्याला 'गादीवाला' म्हणून चिडवू लागले आणि तोही हसायचा. पुढे त्याला माझ्यामुळे मिळणाऱ्या उंचीची गरज उरली नाही. पण माझ्याशिवाय पट वेगळाच दिसतो, असे तो म्हणायचा. बाबा प्रत्येक स्पर्धेला बरोबर जायचे. दुकान आधी महिन्यातले काही दिवस बंद राहू लागले, मग काही दिवसच उघडे राहू लागले, आणि गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. आईने एकदा विषय काढला. बाबा म्हणाले की सोफे कुणीही शिवेल, याच्याबरोबर कोण जाईल? पंधराव्या वर्षी मुलगा ग्रँडमास्टर झाला तेव्हा घर माणसांनी भरले होते. त्या गर्दीत बाबा मला काखेत धरून कोपऱ्यात उभे होते आणि येईल त्याला सांगत होते की आमचं काही नाही हो, सगळं त्याचंच आहे.

दोन वर्षांनी एक फार मोठी स्पर्धा आली. बुद्धिबळात चोरून यंत्राची मदत घेणारे काही लोक पकडले गेले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून दारात प्रत्येकाच्या अंगावरून धातू शोधणारी दांडी फिरवत होते. मुलगा सुटला. मग दांडी माझ्यावरून फिरली आणि किंचाळली. पुन्हा फिरवली, पुन्हा किंचाळली. आदल्या दिवशी मुलाकडून हरलेला खेळाडू मागेच उभा होता. तो म्हणाला की तरीच.

मुख्य पंच भले गृहस्थ होते. "माफ करा," ते म्हणाले, "ही उघडून पाहावी लागेल."

दोरीपलीकडून बाबा म्हणाले, "साहेब, शिवण माझीच आहे. मी उसवून देतो, कापडाला धक्का लागणार नाही."

बाहेरच्या माणसाला हात लावायची परवानगी नव्हती. पंचांनी कात्रीने माझी कूस फाडली. लोकांच्या सोफ्यांचे तुकडे, काथ्या, स्पंज असे माझे सगळे पोट सर्वांच्या देखत टेबलावर आले. चहूबाजूंनी फोन वर झाले. अखेर दाभणाचे ते गंजलेले टोक सापडले. पंचांनी मुलाची मनापासून माफी मागितली, पण तोवर डावातले त्याचे घड्याळ सुरू झाले होते. तो उघड्या खुर्चीवर जाऊन बसला आणि हरला. संध्याकाळपर्यंत माझा फोटो सगळीकडे पोचला होता. गादीत काहीतरी सापडले, एवढेच लोकांना कळले. काय सापडले, हे विचारायला कुणाला सवड होती?

बाबा जिन्याजवळ माझा काथ्या पिशवीत भरत होते. मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. सोंगटीला हात लावण्याआधी थांबायचे, हे तो सहाव्या वर्षापासून शिकला होता. बोलण्याआधी थांबायचे त्याला कुणी शिकवले नव्हते.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," तो म्हणाला. "मला तुमची लाज वाटते."

बाबांनी पिशवीला गाठ मारली. "बरं," ते म्हणाले.

बस, एवढेच. बोललेला शब्द त्याला मागे घेता आला असता, इथे कुठला नियम आड येत नव्हता. पण त्याने घेतला नाही, आणि दिवस गेले तसे ते जास्तच अवघड होत गेले.

मी कपाटावर जाऊन पडले, फाटकी कूस वर करून. उसवलेली शिवण डोळ्यांसमोर सहन न होणारा माणूस, पण मला बाबांनी हात लावला नाही. आई म्हणाली, "अहो, त्या गादीला टाके तरी घाला."

"तो म्हणेल तेव्हा घालीन," बाबा म्हणाले.

मुलगा एकटा फिरू लागला आणि पुढे दुसऱ्या गावी राहू लागला. फोन आईला यायचा. त्याचा खेळ उतरत गेला. 'गादीवाला' म्हणताना आता लोक डोळे मिचकावायचे, आणि जिंकला तरी तो खाली मान घालून बाहेर पडायचा. त्याचे डाव बाबा घरी फोनवर बघायचे. दहा-बारा चालींनंतर त्यांना काही उमगत नसे. तरी डाव संपेपर्यंत ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. मी वरून बघत असे, आणि माझ्यावर धूळ साचत असे.

मग एका सकाळी बाबा दात घासता घासता पडले. त्यांची उजवी बाजू गेली. मुलगा आला. पहिले काही दिवस बापलेकांत औषधांपलीकडे बोलणे झाले नाही. एका दुपारी त्याने मला खाली काढले, झटकले, पिशवीतला काथ्या पोटात भरला आणि मला बाबांच्या मांडीवर ठेवले.

"बाबा, ही शिवून द्या ना."

त्याने सुयांची डबी उघडून पुढे केली. बाबांनी डाव्या हाताने सुई उचलून उजव्या हाताच्या बोटांत ठेवली. बोटे मिटली नाहीत. सुई फरशीवर पडली. त्यांनी पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. मुलाने ती उचलली आणि दोरा ओवला.

"कुठून सुरू करू?"

"आतून," बाबा जड जिभेने म्हणाले. "गाठ... दिसू नये."

तो शिवू लागला. टाके वेडेवाकडे, एक लांब तर एक आखूड. मध्येच थांबून म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी..." बाबांनी डाव्या हाताच्या बोटाने टाक्यावर टिचकी मारली.

"घट्ट ओढ."

शिवण संपली. मुलाने दोरा तोडला आणि सुई बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवली.

"ही घ्या. आत राहिली नाही."

बाबांनी मूठ मिटली आणि ते रडले. मुलाने आपले दोन्ही हात माझ्यावर दाबून ठेवले. ते ओलेचिंब होते.

बाबांचा हात काही परत आला नाही, आणि मुलाचे पहिले हसूही नाही. दुकानात आता दुसरेच कुणी फोन दुरुस्त करते. मी बाबांच्या पाठीशी असते. पाहुणे येतात, माझी कूस बघतात आणि म्हणतात की कसली ही शिवण, द्या, नीट करून आणतो.

मित्रांनो, आपल्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगायला मी बसले होते. पण मला एवढेच मागायचे आहे. माझे टाके वाकडे आहेत, बाबांच्या पाठीला ते टोचतही असतील. तरी ते कुणी उसवू नका.