मनगटावर फिरवलेली लेन्स

मित्रांनो, हसू नका, पण सध्या माझ्या डोक्यावर गॉगलचं गोल स्टँड उभं आहे. गिऱ्हाईक आलं की ते गरागरा फिरवतं आणि चक्कर मला येते. बिबवेवाडीतल्या या दुकानात सगळे मला टेबल समजतात. टेबल नाही हो! मी एक जुनी लेथ आहे. कॉन्टॅक्ट लेन्स कातणारी, हिऱ्याच्या टोकाची!

परदेशातल्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षं राबले. तिथे माझ्याहून हुशार यंत्रं आली आणि मला विकायला काढलं. त्याच सुमारास आपल्या देशाने बाहेरच्या मालाला दारं उघडली होती. १९९३ साली लाकडी खोक्यात बसून मी पुण्यात उतरले. मालक बद्रीनाथ यांनी गल्लीभर पेढे वाटले. खंडेनवमीला मला झेंडूचा हार घातला, आणि खरं सांगते, मी अगदी नवरीसारखी लाजले.

मला चालवायचे श्यामसुंदरकाका. आधी ते घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे घाई त्यांना ठाऊकच नव्हती. प्लास्टिकचं एक जाड बटण ते माझ्यात घट्ट बसवत. मी गरगर फिरे, हिऱ्याचं टोक आतला बाक कोरत जाई आणि शेवटी उरे पोस्टकार्डाहून पातळ लेन्स. मग काका हात स्वच्छ धूत, लेन्स मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर पालथी ठेवत आणि डोळे मिटून हळूहळू फिरवत. जराशी जरी ओरखडली, तरी म्हणत, "चला बाईसाहेब, पुन्हा." बाईसाहेब म्हणजे मी! मग काठ पुन्हा घासायचा. मनगटाने 'हो' म्हटल्याशिवाय एकही लेन्स डबीत गेली नाही.

१९९८ मध्ये कल्याणी आली. हडपसरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. तिच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा टोकदार होत चालला होता, भोवऱ्यासारखा. चष्म्याने अक्षरं सरळ दिसतच नव्हती. तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मापाचं कार्ड देऊन तिला आमच्याकडे पाठवलं होतं. डावा डोळा, बाक सहा पूर्णांक आठ; आकडा जितका लहान, तितका बाक खोल. पहिली लेन्स घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी तणतणत परत.

"काका, ही लेन्स आहे की खडा?"

"खडा असता तर फुकट दिला असता," काका म्हणाले. "कधी टोचते ते सांग."

"स्कूटीवर. हडपसरला पोचेपर्यंत डोळा नुसता टोमॅटो!"

"चल, मी येतो मागे बसून."

आणि खरंच गेले! परत आले ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे धुळीने पांढरे होऊन. लेन्सचा काठ डोळ्यापासून जरा वर उचललेला होता आणि धूळ त्याखाली शिरत होती. काकांनी काठ खाली घेतला. आता धूळ बंद झाली, पण डोळ्यातलं पाणीही बंद झालं. लेन्स चिकटून बसली, डोळा लाल. लेन्सखाली पाणी खेळतं राहिलं पाहिजे, मित्रांनो, त्यातूनच डोळ्याचा श्वास चालतो. म्हणजे पाण्याला वाट हवी आणि धुळीला नको! केसाहून बारीक अंतराचा प्रश्न. आम्ही दोघं आठ दिवस त्याच्याशी झटलो. तीन लेन्स वाया गेल्या. पाचवी मनगटावरून पाण्यासारखी फिरली.

महिन्याने कल्याणी पेरू घेऊन आली. "काका, लेन्स घातलीय हे मी विसरूनच गेले!"

काका दिवसभर शीळ घालत होते. त्यांना कुणी याहून मोठं बक्षीस दिलं नसेल.

मग काळ पालटला. चकचकीत दुकानांत परदेशी लेन्सची पाकिटं आली. त्या लेन्स वाईट नव्हत्या, हे मी रागातसुद्धा मान्य करते. पण आमचं गिऱ्हाईक घटलं आणि बद्रीनाथ हिशेबाची वही घेऊन आले.

"अहो श्यामसुंदर, दिवसाला चार लेन्स? आपण लेन्स करतो की अभिषेक?"

"डोळा आहे मालक. पायमोजा नव्हे."

"मग घरी बसून करा पूजा."

काकांनी मला मऊ फडक्याने पुसलं, हात धुतले आणि ते गेले. दुसऱ्या दिवसापासून तीनच ठरलेली मापं. ज्याचं जे जवळचं, ते त्याला. मनगट बंद.

२००१ मध्ये कल्याणीची डावी लेन्स बेसिनमध्ये वाहून गेली. पंधरा दिवसांनी तिला कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जायचं होतं, त्यांच्या घरातलं पहिलंच विमान. तिचं कार्ड माझ्याच खणात होतं. सहा पूर्णांक आठ. बद्रीनाथांनी ते उघडूनही पाहिलं नाही. "सात पूर्णांक दोन जवळचंच आहे," म्हणाले आणि मला सुरू केलं.

मी कापली ती लेन्स. कशी लपवू? टोकदार डोळ्यावर तसला पसरट बाक म्हणजे नेमकं टोकावर घासणार, हे मला कळत होतं. मला थांबता येत नव्हतं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "काका आहेत का? खूप टोचतेय."

"ते काम सोडून गेले," बद्रीनाथ म्हणाले. "अहो, नवी लेन्स टोचतेच. सवय होईल."

तिने विश्वास ठेवला. पहिलीही टोचलीच होती ना! फरक एवढाच, की तेव्हा काकांनी 'कधी टोचते' असं विचारलं होतं. डॉक्टरीणबाईंकडे जायला तिला वेळ नव्हता. आठ दिवस तिने सवय केली. नवव्या दिवशी डोळा उघडेना. टोकाला जखम झाली, जखमेत जंतू शिरले. महिन्याने जखम भरली, पण मागे पांढरा डाग राहिला, ऐन बाहुलीसमोर. विमान तिच्याशिवाय उडालं.

एके दुपारी ती दुकानात आली. ओरडली नाही. डबीतून ती लेन्स काढून बद्रीनाथांसमोर धरली.

"मनगट पुढे करा. फिरवून बघा."

बद्रीनाथांनी हात मागे घेतला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "सवय होईल."

लेन्स तिने माझ्या पाठीवर ठेवली आणि निघून गेली. बद्रीनाथांनी त्या दिवसापासून मला कधी चालू केलं नाही. पश्चात्तापाने म्हणाल, तर तसं नाही. गॉगल जास्त खपतात.

मित्रांनो, डोळ्यात काही घालण्याआधी हात धुवा, डोळा मोजून घ्या, दुखलं की काढून टाका आणि डॉक्टर गाठा. हे तुम्हाला शाळेतही सांगतील. माझं मागणं वेगळंच आहे. उद्या तुम्ही इंजिनियर व्हाल, डॉक्टर व्हाल, दुकान टाकाल. कुणी येऊन म्हणेल, "टोचतंय." तेव्हा त्याला सवय व्हायची वाट बघायला लावू नका. विचारा, कधी टोचतं? आणि जमलं तर त्याच्या स्कूटीवर मागे बसा.

ती लेन्स अजून इथेच आहे, स्टँडच्या पायाखाली. स्टँड डुगडुगतं म्हणून बद्रीनाथांनीच ती तिथे सरकवलीय.