सुशीलाबाईंनी पाठ केलेली लाल पुस्तिका

मी लाल पुस्तिका बोलतेय. मला वाचायचं असेल तर आधी खिडकीपाशी या. ट्यूबलाइटखाली मी कुणालाच दाद देत नाही. माझा कागद पानातल्या काथासारखा गडद तांबडा आणि त्यावर काळी शाई. चोवीस पानं, पानाला दहा ओळी, ओळीला चार शब्द. आणि त्या शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. वरवंटा, पाऊल, ओसरी, डिंक. छापखान्यात मला शिवणारा माणूस म्हणाला होता, "हे कुठल्या येड्यानं लिहिलंय?"

लिहिणारा चांगला शहाणा होता. पुण्यातल्या एका कंपनीनं कंप्युटरवर मराठी लिहिण्याचा प्रोग्राम काढला होता. फ्लॉपीची नक्कल लोक चहा पिता पिता करतात, हे कंपनीला पक्कं ठाऊक. म्हणून प्रोग्राम सुरू झाला की आधी प्रश्न टाकायचा: पान अमुक, ओळ तमुक, शब्द कितवा? तो शब्द माझ्यात बघून लिहिला तरच पुढे जाता यायचं. तीनदा चुकलं की प्रोग्राम स्वतःला कायमचं कुलूप लावून घ्यायचा. बरं, माझं झेरॉक्स काढावं तर कागद आणि अक्षर दोन्ही काळंठिक्कर. अशी मी पहारेकरीण. गर्व होता मला, खोटं कशाला सांगू?

१९८८ साली टपालानं मी बिदरला आले, उद्धवरावांच्या घरी. ते गावाजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर. कारखान्यानं मोडीत काढलेला कंप्युटर त्यांनी हौसेनं हातगाड्यावर घालून घरी आणला होता. त्याचं करायचं काय, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पहिले सहा महिने त्याच्यावर टॉवेल वाळले.

उपयोग शोधला तो त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी. त्या मराठी शाळेत शिक्षिका. आसपासच्या अकरा खेड्यांतल्या मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका तयार करायचं काम त्यांच्याकडे. सायक्लोस्टाईलसाठी मेणकागदाच्या स्टेन्सिलवर हातानं अक्षरं खरडावी लागत. एका वर्षी स्टेन्सिलला नको तिथं भोक पडलं, 'नदीचे उपयोग' या निबंधात एक टिंब वाढलं, आणि त्यांतल्या दुबलगुंडी गावच्या चाळीस पोरांनी नंदीचे उपयोग लिहून दिले. शेणापासून शिंगांपर्यंत. सुशीलाबाईंनी सगळ्यांना पास केलं आणि त्याच आठवड्यात पुण्याला पत्र टाकून प्रोग्राम मागवला.

खोक्यात माझ्याबरोबर दोन फ्लॉप्या आणि बारीक अक्षरातलं करारपत्र होतं. एक प्रत, एकच यंत्र, नक्कल कुणाला देणार नाही, वगैरे. असली पत्रं कुणी वाचतं का? सुशीलाबाईंनी जेवायच्या वेळी ते अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचलं.

उद्धवराव घास हातात धरून म्हणाले, "आगं, सही केल्यावर घर तर जाणार न्हाई ना?"

"आमच्या अप्पांनी जन्मभर अंगठा उठवला," त्या म्हणाल्या. "छप्पन साली दीक्षा घेतली आणि मला पाटी आणून दिली. मी सही करते ती वाचून करते. आणि केली की पाळते."

सही करून करारपत्र पुण्याला गेलं.

मग आमचा रोजचा खेळ सुरू झाला. उद्धवराव यंत्रापाशी बसून ओरडायचे, "पान एकोणीस, ओळ चार, शब्द दोन!" सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत मला उजेडाला धरून, डोळे बारीक करून ओरडायच्या, "परात!" शेजारची चन्नम्मा भिंतीपलीकडून ऐकत असायची. तिला बरेच दिवस वाटलं, दोघं भांडी वाटून घेऊन वेगळे निघायलेत.

चन्नम्माचा नवरा शिवशंकरप्पा. बसस्टँडजवळ त्याची टायपिंगची इन्स्टिट्यूट, आणि तिच्यासाठी नुकताच घेतलेला कंप्युटर घरी. माणूस दिलदार, फक्त दुसऱ्याची वस्तू आवडली की ती आपलीच वाटायची. एके दिवशी तो आला आणि सुशीलाबाई चहा टाकेपर्यंत त्यानं फ्लॉप्यांची नक्कल मारली. मी शेजारीच पडले होते. मनात म्हटलं, घेऊन जा बाबा, बघू या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळीच तो हजर.

"अक्का, ते मशीन काय तरी विचारायलंय. मी 'नमस्कार' लिहिलो. 'गणपती' लिहिलो. 'शिवशंकरप्पा' पण लिहिलो. कुलूपच लागलं की!"

सुशीलाबाई म्हणाल्या, "अण्णा, चहा पिताना चोरी केलाव व्हय?"

"चोरी कशी, अक्का? तुमची फ्लॉपी तुमच्याजवळच हाय. काय कमी झालं का?"

"कमी न्हाई झालं. पण मी सही करून दिलीय. तुम्हाला पाहिजे तर पुण्याला लिहा."

"व्हय, व्हय," म्हणत त्यानं मान डोलावली, त्या स्वयंपाकघरात वळताच पुन्हा एक नक्कल केली आणि जाता जाता मला शर्टात घातलं. त्याच्या घामानं माझा रंग त्याच्या बनियनला लागला, तेवढाच माझा सूड.

बिदरच्या झेरॉक्सवाल्यानं माझं पहिलं पान काढलं आणि विचारलं, "मालक, कोळशाचा फोटो कामून काढायलाव?" शिवशंकरप्पा इरेला पेटला. गुलबर्ग्याला मोठं मशीन आलंय म्हणे! त्याच दिवशी दुपारच्या बसनं तो मला घेऊन निघाला.

आणि बुधवारपासून परीक्षा होती. रविवारी स्टेन्सिल, सोमवारी छपाई, मंगळवारी बसनं गठ्ठे खेड्यांत, असं सगळं ठरलेलं.

रविवारचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. उद्धवराव पुढे आल्यागेल्याला रंगवून सांगायचे, ते ऐकलं. सकाळी सुशीलाबाईंनी मला शोधायला डबे उपसले, गादी उलटी केली. शेवटी चन्नम्माच सांगत आली, "अक्का, ते लाल पुस्तक का? आमचे मालक गुलबर्ग्याला नेले की!"

उद्धवराव म्हणाले, "राहू दे. हातानं लिही."

"परत नंदी?" सुशीलाबाई म्हणाल्या. "यंत्र चालू करा."

यंत्रानं विचारलं: पान अकरा, ओळ सहा, शब्द तीन.

त्यांनी डोळे मिटले. "चाळण." चूक. यंत्रानं दुसरा प्रश्न टाकला: पान दोन, ओळ नऊ, शब्द एक. "उंबरा." तेही चूक. आता एकच संधी. उद्धवराव बटणाकडे हात नेत म्हणाले, "बंद करू का? आगं, कायमचं कुलूप लागंल."

"थांबा. बोलू नका."

पान सोळा, ओळ आठ, शब्द चार.

सुशीलाबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, रोजच्या जागी खिडकीत उभ्या राहिल्या आणि मी हातात असल्यासारखा रिकामा तळवा उजेडाला धरला. वर्षभर मला मोठ्यानं वाचलेलं. "सोळावं पान म्हणजे दूध उतू गेलेला दिवस," त्या पुटपुटल्या. "तुम्ही घाई केलीत, मी वाचलं आणि इकडं दूध चुलीवर... शेवग्याची शेंग न्हाई... शेगडी!" त्या ओरडल्या. "शेगडी लिहा!"

उद्धवरावांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. पडद्यावर कोरं पान उघडलं.

मग कंप्युटरबरोबर आलेल्या प्रिंटरची शाईची फीत काढून त्याच्या अक्षरं टोचणाऱ्या सुया सरळ स्टेन्सिलवर नाचवल्या आणि संध्याकाळपर्यंत अकरा शाळांच्या स्टेन्सिल तयार झाल्या. एकही टिंब जास्त नाही.

सोमवारी सकाळी शिवशंकरप्पानं मला आणि चोवीस काळ्या कागदांना उंबऱ्यात ठेवलं. मान वर होईना. "अक्का, तुमचं काम अडलं असंल."

"अडलं न्हाई. खिडकीत उभं राहिलं की मला पाठ हाय."

त्याचे डोळे मोठे झाले. "सगळं? मग मला सांगा की! मी लिहून घेतो!"

सुशीलाबाई हसल्या. "आधी बाह्या वर करा." आणि त्यांनी त्याला शाळेत नेऊन सायक्लोस्टाईलच्या दांड्याला जुंपलं. अकरा गावांच्या प्रश्नपत्रिका फिरवून फिरवून तो कोपरापर्यंत काळा झाला. अगदी माझ्या झेरॉक्ससारखा. घरी आल्यावर त्यांनी पुण्याच्या कंपनीला त्याच्या नावानं प्रोग्राम मागवणारं पत्र छापलं आणि खाली त्याची सही घेतली. सहीआधी त्याला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

महिन्याभरानं त्याचं खोकं आलं. आत माझी धाकटी बहीण, शब्द न् शब्द माझ्यासारखी. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "अक्का, ट्यूबलाइटात काही दिसत न्हाई! पान अठरा, ओळ दोन, शब्द एक?"

"सूप!" सुशीलाबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं. आता त्याचा हक्क होता.

आज १९९० साल आहे. दोन्ही घरांचे शब्द एकाच स्वयंपाकघरातून जातात. मी प्रिंटरच्या आखूड पायाखाली असते. तो चालू झाला की पोटात गुदगुल्या होतात, तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. कधी या घरी आलात, तर मला बाहेर काढा, खिडकीपाशी न्या आणि कुठलंही पान उघडून एखादा शब्द वाचा. यंत्रानं विचारलेलं नसताना, उगीच, मजेखातर. मला अजून तसं कुणी वाचलेलं नाही.