अरिबाचे दोन आकडे

"विजयमालाबाई, रक्ताच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्हीच लावल्या होत्या ना?" प्रयोगशाळेचे प्रमुख प्रज्ञेश सरांनी विचारले, तेव्हाच बाईंना कळले, खापर आपल्याच माथी फुटणार.

हडपसरच्या त्या प्रयोगशाळेत डांग्या खोकल्याच्या लशीची चाचणी चालू होती. लशीआधी आणि तिसऱ्या डोसनंतर बाळांचे रक्त घ्यायचे, लशीतल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे किती आहेत ते मोजायचे. रक्त घ्यायला नर्स म्हणून बाई. सगळ्या बाळांचा आकडा चढला होता, विश्रांतवाडीच्या अरिबाचा मात्र उतरला होता.

"तिच्या दोन नळ्यांची अदलाबदल झालीय. आकडे फिरवा, सही करा, विषय संपला."

"फिरवायचेच होते, तर मोजले कशाला, सर?"

"मग चूक तुमची असं लिहीन. सोमवारपासून रक्त दुसरं कोणी घेईल."

एकोणीस वर्षांत बाईंची एकही चिठ्ठी चुकली नव्हती. नाव, तारीख आईला वाचून दाखवायची, तिने 'बरोबर' म्हटले की मगच नळीला लावायची. लोक हसत. हसोत बापडे! बाईंनी स्कूटर काढली आणि थेट विश्रांतवाडी गाठली.

"दोन्ही वेळा वाचून दाखवलंत, ताई. तारखेसकट," अरिबाची आई नसीमबानू म्हणाली.

"पोटुशी असताना खोकला झाला होता का गं?"

"सातव्या महिन्यात. उलटी होईस्तोवर खोकायचे. दीड महिना!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. "तो डांग्याच असणार. त्याच्याशी झुंजताना तुझ्या रक्तात जे तयार झालं, ते हिला पोटातच मिळालं. म्हणून पहिला आकडा मोठा. आईचं असलं की बाळाचं अंग आधी जरा आळस करतं. आता तुझं ओसरलंय, तिचं भरायचंय. दीड वर्षाचा डोस चुकवू नकोस."

नसीमबानूने मांडीवरच्या अरिबाकडे पाहिले. "म्हणजे आता हिच्यात माझं काहीच नाही?"

बाईंची लेक पूर्वा अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत होती. रविवारी फोन करायची, आणि आईने काही सांगायला घेतले की "आय नो, आई" म्हणायची. बाईंना एकदम भरून आले.

त्यांनी अरिबाच्या आकड्यांचा कागद काढला. दोन्ही आकड्यांना हात लावला नाही. सरांना पटेल की नाही, ठाऊक नव्हते. खाली शेरा लिहिला आणि सवयीने वाचून दाखवला, "आई नसीमबानू. गरोदरपणी दीड महिना खोकला."

"बरोबर," नसीमबानू म्हणाली. मग हळूच विचारले, "हे कागदावर राहील ना, ताई?"

"राहील," बाई म्हणाल्या आणि खाली सही केली.